किसनजी हिस्से टाकतात

ज्या वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी किसनजी भोयर कापडातून मटणात गेले. जिल्ह्याच्या स्थलांतरावर बरीच भाषणे झाली. किसनजींच्या स्थलांतरावर एकही झाले नाही. पण त्या काळच्या पांढरकवड्याच्या माणसाला विचाराल की या दोहोंपैकी कशाने तुझ्या आयुष्यात फरक पडला, तर तो उत्तर द्यायला फार वेळ घेणार नाही.

मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. किसनजींच्या दोन खोल्यांना लागून माझ्या दोन खोल्या होत्या आणि मधली भिंत अशी होती की त्यांच्याकडे फोडणी पडली की मला शिंक यायची. त्यामुळे ते मला जसे ऐकू आले तसे फार थोड्यांना आले असतील.

माणूस उंच, काटकुळा. पांढरे धोतर, काळी टोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळावर गंधाचा टिळा. रस्त्यात त्यांना पाहून परक्या माणसाने देवळाची वाट विचारली असती, बाजाराची नाही. बाभुळगावकडचे त्यांचे घर इतके कडक माळकरी होते, की तिथे अंड्याला अंडे म्हणत नसत. 'ते' म्हणत. अशा घरातला हा मुलगा शेती भावांवर सोपवून पांढरकवड्याला आला आणि एका शेटजींच्या कापडदुकानात गादीवर बसून लुगडी दाखवू लागला.

कापडाच्या धंद्याला जे जे लागते ते सगळे त्यांच्याकडे होते. आवाज मऊ, हात हलका, घडी मोडावी तर त्यांनीच. दोष एकच होता. गिऱ्हाइकाने विचारले तर ते खरे सांगत.

"भाऊ, रंग पक्का हाये ना याचा?" मुलीच्या लग्नाचे लुगडे घ्यायला आलेली बाई विचारायची.

"पक्का हाये. पन पान्यात नका घालू."

गल्ल्यावर शेटजी खोकायचे.

"अन हे?"

"हे त्याहून पक्कं. हे दुकानातच विटलं. आता आनखी काय विटन?"

शेटजी मोठे सोशिक. त्यांनी एक सबंध लग्नसराई हे सहन केले, आणि त्यानंतरच्या पोळ्याच्या तोंडावर किसनजींना जवळ बसवून म्हणाले, "किसनजी, तुम्ही देवमाणूस आहात. देवळात बसत जा." दुकानातून एखाद्याला काढण्याची इतकी सभ्य भाषा मी पुढेही फारशी ऐकली नाही.

आता पोळ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. महिनाभर श्रावण पाळून मंडळी कातावलेली असतात आणि करीला तो सगळा उपास एकदम फेडायचा असतो. कचेरीतले कारकून, आम्ही मास्तर, जिनिंगमधली मंडळी असे सगळे मिळून रहेमानभाई खाटकाकडून बकरे घेत. बाजाराच्या मागे कडुलिंबाखाली पळसाची पाने मांडून त्यांवर हिस्से पडत. इथवर सगळे गोडीगुलाबीने व्हायचे. भांडण व्हायचे ते हिस्से उचलताना, कारण पहिली निवड नाझरसाहेबांची असे.

नाझर म्हणजे तहसील कचेरीतला तिजोरी सांभाळणारा अंमलदार. पण आमचे नाझरसाहेब स्वतःलाच तिजोरी समजत. हात मागे बांधून ते हिश्श्यांमधून फिरत, वाकत, चष्मा सावरत, आणि जास्तीत जास्त कलेजी जिथे असेल त्या पानाकडे बोट करून म्हणत, "हे चालेल." मग त्यांच्या खालचा, मग त्याच्या खालचा. शेवटच्यांच्या वाट्याला जे उरे ते कुत्र्यालाही विचार करायला लावणारे असे. आदल्या वर्षी दोन शिपायांनी एकमेकांना बकऱ्याच्या खुरांनी मारले होते.

त्या वर्षी रहेमानभाईंनी सुरी खाली ठेवली. गोल चेहरा, मेंदी लावलेली दाढी, आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. "काटना मेरा काम है," ते म्हणाले. "बाँटना मेरा काम नहीं. बाँटने को कोई ऐसा लाओ जो खाता न हो."

पांढरकवड्यात करीच्या दिवशी न खाणारा माणूस शोधायचा म्हणजे कठीणच. पण समोरच्या हॉटेलात नोकरी गेलेले किसनजी बशीत चहा ओतून तो निवण्याची वाट पाहत बसले होते. रहेमानभाईंनी तिथूनच हाक मारली.

"किसनभाऊ! कौनसी बोटी अच्छी होती है?"

"मले काय मालूम?"

"बस! यही चाहिए था. उठो!"

किसनजी का उठले, हे त्यांनी मला पुढे सांगितले. चहाचे पैसे द्यायचे नव्हते म्हणून नव्हे. "शेटजींच्या इथून निघाल्यापासून मले कोनी उठ म्हनलं नव्हतं," ते म्हणाले. "सगळे बसा, बसा म्हनत."

त्यांनी माळ काढली, टोपीत ठेवली, टोपी लिंबाच्या फांदीला अडकवली आणि ढिगापुढे उकिडवे बसले. मग मंडळींना विचारले, "यात चांगलं कोनतं असते?" सगळे एकदम बोलू लागले. कोणी मांडी म्हणाला, कोणी छाती, कोणी नळी. नाझरसाहेब कलेजी म्हणाले. किसनजींनी सगळ्यांचे ऐकून घेतले. "म्हंजे तुमालेबी मालूम नाही," ते म्हणाले, आणि बांधावरच्या आंब्यांचे भावाभावांत हिस्से पाडतात तसे एकेका जातीचे तुकडे वेगळे काढून एकेक प्रत्येक पानावर ठेवत गेले. शेवटी म्हणाले, "आता एकानं तिकडं तोंड करून उभं राहा. मी पानावर बोट ठेवीन, त्यानं नाव घ्यावं."

"ही पद्धत कोणत्या नियमात बसते?" नाझरसाहेबांनी विचारले.

"आंब्याच्या," किसनजी म्हणाले.

त्या वर्षी नाझरसाहेबांना बरगड्या जास्त गेल्या, आणि करीच्या इतिहासात प्रथमच कोणी कोणाला मारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहेमानभाई आमच्या अंगणात उभे. किसनजींच्या पत्नी सुभद्रावहिनी दारात आल्या. ठेंगणी, भरदार बाई. कमी बोलणारी, पण बोलली की संपवणारी. माहेर महागावकडचे.

"भाभी, किसनभाऊ को दुकान पे भेजो. रोज के लिए."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले, रहेमानभाईंकडे पाहिले. "कापाचं तं नाही ना यायले?"

"काटूंगा मैं. ये सिर्फ बेचेंगे."

"मंग जा," वहिनी म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी पाणी तापत ठेवले. तेव्हापासून रोज दुपारी किसनजी परत आले की बाहेरच्या मोरीवर आंघोळ, कपडे बाहेरच्या खुंटीला, मग गंध, मग घरात पाऊल. वहिनी पंचा घेऊन जरा लांब, तोंड बाजूला करून उभ्या असायच्या. त्यांना वास सहन होत नसावा, असे आम्ही सगळे समजत होतो.

दुकानाची वाटणी सरळ होती. पहाटे जनावराचा जीव जाईपर्यंत किसनजी हॉटेलात पाठमोरे बसून चहा घेत. जीव गेला की रहेमानभाई हाक देत आणि किसनजी येऊन टोपी फांदीला अडकवत. फांदीवर टोपी दिसली की दुकान उघडले, असे पांढरकवड्याला कळे. हॉटेलवाल्याने एकदा छेडले, "किसनजी, इकडं तोंड करून चहा पेल्यानं पाप लागत नाही काय?"

"लागते. पन अर्धं. अर्धं रहेमानभाईचं."

"अन खानाऱ्याचं?"

"त्याचं यात धरलंच नाही. त्याचं वेगळं, पूर्ण हाये."

कापडाचे दुकान सुटले, पण कापड सुटले नाही. पळसाचे पान ते लुगडे झटकल्यासारखे झटकत. पुडी अशी बांधत की उघडताना वाईट वाटावे. लटकवलेल्या बकऱ्यावरून हात फिरवत विचारत, "काठाकडचं देऊ का पदराकडचं?" गिऱ्हाइकांनाही ती भाषा समजू लागली. एका ट्रक ड्रायव्हरला मी "पदराकडून अर्धा शेर" मागताना ऐकले आहे. हैदराबादकडचा माणूस होता. मराठीतले त्याला तेवढेच येत असावे.

आणि खरे बोलणे तर चालूच होते. "आज नका नेऊ. म्हातारं हाये. लाकडं जास्त लागतीन." "हे काल सांजचं हाये, पावन्यासाठी नका घेऊ, घरच्यासाठी चालते." शेराच्या जागी किलो आले तेव्हा लोक बिचकले. त्यांना वाटले, सरकारने काहीतरी कापून घेतले. किसनजी समजावत, "किलो शेराहून मोठा हाये. भावबी मोठा हाये. दोन्हीत तुमचा फायदा नाही." ज्या जिभेने त्यांना कापडातून हाकलले, तिच्यासाठी मटणात रांग लागू लागली. कापडात फसवत नाहीत असे लोक धरून चालतात, मटणात फसवतात असे धरून चालतात. बाकी काही नाही.

पण लोकांची खरी श्रद्धा जिभेवर नव्हती, ती किसनजींच्या न खाण्यावर होती. खात नाही म्हणून आवड नाही, आवड नाही म्हणून पक्षपात नाही. हा सिद्धांत गावाने इतका मनावर घेतला की केळापुरापासूनचे लोक करीला आपले बकरे घेऊन हिस्से टाकायला किसनजींकडे येऊ लागले. त्यांनी एकदा तरी चाखावे म्हणून ट्रकवाल्यांनी पैजा लावल्या. किसनजी हात जोडत. "एकदा चाखलं का आवड येते. आवड आली का हात ओळखते. मंग डोये मिटले तरी हात बरोबर तिकडंच जाते." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला स्वतःच्या हाताची लाज वाटावी.

मध्यंतरी बाजारात मटणासाठी पत्र्याची नवी शेड बांधली आणि तिच्या उद्घाटनाला जिल्ह्याहून एक पुढारी आले. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला आठवायचेही नाहीत. हे गृहस्थ शाकाहारी होते आणि कशाचे उद्घाटन आहे हे त्यांना गाडीतून उतरल्यावर कळले. भाषणभर त्यांनी तो शब्द टाळला. "या उपयुक्त वास्तूत," ते म्हणाले. "या पौष्टिक व्यवसायातले आपले बांधव," असेही म्हणाले. मग विषय संपला आणि सवयीने ते भूतदयेवर गेले. मुक्या प्राण्यांवर ओघ चांगला लागला असताना शेडमागे बांधलेले बकरे ओरडले. नाझरसाहेबांना वाटले की भाषण संपले. त्यांनी टाळ्या सुरू केल्या, आणि ते खरोखरच संपले.

आता फीत कापायची तर कात्री नाही. किसनजींनी सत्तूर धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि अदबीने पुढे केला.

"अहो, मी शाकाहारी आहे!" पुढारी दोन पावले मागे सरले.

"मीबी," किसनजी म्हणाले. "धरा. काही होत नाही."

फोटोत त्या दोघांच्या चेहऱ्यांवर सारखेच सोवळे भाव आले आहेत, असे फोटो पाहिलेले लोक सांगत.

असे सगळे सुखाने चालले असताना एका आषाढात किसनजींना मुदतीचा ताप आला. भिंतीपलीकडून मला त्यांचे कण्हणे ऐकू यायचे, आणि त्याहून वाईट म्हणजे मध्येच ते थांबलेले ऐकू यायचे. श्रावण लागता लागता ताप उतरला तेव्हा अंथरुणावर धोतर तेवढे उरले होते. डॉक्टर म्हणाले, "पायांचं सूप द्या. लवकर उभे राहतील."

"नाही," अंथरुणातून आवाज आला.

"अरे भाई, दवा है!" रहेमानभाई अंगणातून ओरडले.

"दवा शिशीतून येते."

रहेमानभाईंनी ऐकले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी बकऱ्याचे पाय स्वतः भाजून, खरवडून, स्वच्छ करून आणू लागले. श्रावणात माळकऱ्याच्या घरात पाऊल टाकायचे नाही म्हणून अंगणातूनच वहिनींना कृती सांगत. "भाभी, पहले हल्दी में..."

"मालूम हाये," वहिनी म्हणाल्या.

रहेमानभाई बोलतच राहिले. मीही तेव्हा त्या दोन शब्दांकडे लक्ष दिले नाही. कारण थोड्याच वेळाने भिंतीपलीकडून जो वास आला त्याने माझ्यातला श्रावण पार ढवळून निघाला. रोज संध्याकाळी रहेमानभाई येऊन गंज पाहत. गंज म्हणजे आमच्याकडचे शिजवायचे पातेले. रोज तो रिकामा असे. आणि किसनजी खरोखरच सुधारत चालले. भिंतीला धरून उभे राहिले, मग अंगणात आले, मग एक दिवस गंध लावून ओट्यावर बसले.

यानंतर रहेमानभाईंनी जे केले ते शत्रूला सुचले नसते. त्याला जिवाभावाचा दोस्तच लागतो. ते हॉटेलात जाऊन छाती पुढे काढून म्हणाले, "गंज चाटके साफ! रोज! मेरे पायों ने खड़ा किया उसको!"

हातातल्या बशा खाली आल्या. मग कोणीतरी म्हणाले, "किसनजीनं पेलं?"

"पिया नहीं तो क्या! एक बूंद नहीं छोड़ी!"

संध्याकाळपर्यंत पांढरकवडाभर झाले. किसनजी प्यायले, आणि तेही श्रावणात. धर्म बुडाल्याचे दुःख फारसे कोणाला झालेले दिसले नाही. प्रश्न वेगळाच होता आणि तो नाझरसाहेबांनी नेमक्या शब्दांत मांडला. "याचा अर्थ, आता त्यांना चव कळते."

किसनजी दुकानावर आले तेव्हा लोक बकऱ्याकडे नव्हे, त्यांच्या हातांकडे पाहू लागले. तापाच्या अशक्तपणाने हात कापत होता. लोकांनी त्यातही अर्थ काढले. श्रावण न पाळणाऱ्यांपैकी जे पोरांना पाठवून मटण मागवत ते स्वतः येऊ लागले. "नीट द्या हो किसनजी," असे ते म्हणत. पूर्वी त्यांना असे कोणी म्हणत नसे. करीचे हिस्से यंदा दुसऱ्या कोणाकडून टाकवावेत, अशी कुजबुज सुरू झाली. आणि हिस्से गेले की दुकानावर न खाणाऱ्या माणसाचे काय काम होते? सुरी रहेमानभाईंची, जागा रहेमानभाईंची. किसनजींचे म्हणून तिथे होते ते एवढेच, की लोक त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत. कापडाच्या दुकानांनी तर त्यांना केव्हाच कान पकडून बाहेर ठेवले होते.

आपण काय करून बसलो हे रहेमानभाईंना कळले तेव्हा ते रडकुंडीला आले. "बोल दो ना, नहीं पिया! तुम बोलोगे तो लोग मानेंगे."

किसनजी सुरी धूत राहिले.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन म्हणालो, "किसनजी, जे काय खरे असेल ते सांगून मोकळे व्हा. प्यायला असाल तरी औषध म्हणून..."

"मास्तर," ते म्हणाले, "गंज रिकामा झाला, हे खरं हाये. त्याच्यापुढचं खरं माहं नाही."

मला वाटले, तापाचा परिणाम असेल.

करीचा दिवस उजाडला. लिंबाखाली पाने मांडलेली, बकरे कापून झालेले, महिनाभराची भूक घेऊन माणसे दाटलेली. पण किसनजी बसायला गेले तेव्हा नाझरसाहेब पुढे झाले. कोट घालून आले होते. श्रावण-भाद्रपदाच्या उकाड्यात कोट घालणारा माणूस काहीतरी अधिकृत करायला आलेला असतो.

"कार्यारंभापूर्वी एका बाबीचा उलगडा आवश्यक आहे," ते म्हणाले. "आपण सूप प्राशन केले, किंवा कसे?"

किसनजींनी माळ काढून टोपीत ठेवली.

"आपले मौन मी होकारार्थी धरू काय?"

"धरा," किसनजी म्हणाले.

"नका धरू."

सगळे वळले. सुभद्रावहिनी शेडच्या खांबाशी उभ्या होत्या. नवऱ्याच्या दुकानाची पायरी त्यांनी तोवर कधी पाहिली नव्हती. डोक्यावर पदर, चेहरा लाल, पण आवाज स्थिर.

"सूप म्या पेलं."

"आपण?" नाझरसाहेबांचा चष्मा खाली आला.

"हो. रोजचं. सगळं."

"पण बाई, आजारी तर हे होते!"

"मंग काय झालं? भूक मले होती."

एकजण फिसकन हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारले. नाझरसाहेबांनी शेवटचा आधार धरला. "श्रावणात?"

"तुमचा श्रावण महिनाभराचा असते, साहेब," वहिनी म्हणाल्या. "माहा लग्नाच्या दिवशी लागला, तो अजून चालू हाये. माह्या बापाच्या घरी दर आयतवारी शिजे. इथी सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं का या घरात ते नाही. नाही तं नाही. म्या कधी तोंडातून काढलं नाही. अन रोज दुपारी हा मानूस त्याच वासानं भरून दारात येऊन उभा राहे."

किसनजी खाली मान घालून बसले होते. पुढे त्यांनी मला सांगितले की त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. "मी भित्तीकडं तोंड करून पडलो होतो. चुलीपाशी तिनं पहिला घोट घेतला अन असा काही सुस्कारा सोडला, मास्तर... इतक्या वर्षांच्या संसारात तो सुस्कारा म्या आयकला नव्हता. मंग मी कायले लोकाइले सांगू?"

"आता एक हिस्सा माह्या नावानं टाका," वहिनी म्हणाल्या.

नाझरसाहेब विचारात पडले होते. त्यांच्या हाती प्रकरण आले होते आणि ते असे निसटावे हे त्यांना रुचत नव्हते. "एक अडचण उद्भवते," ते म्हणाले. "हिस्से टाकणाऱ्याच्या घरातच आता खाणारे माणूस निघाले. म्हणजे हितसंबंध आला."

"आला," किसनजी म्हणाले.

"मग आपण दूर व्हावे."

"तो आप भी दूर हो जाओ, साहब," रहेमानभाईंचा आवाज पुन्हा बाजारभर गेला. "आपके घर में तो बिल्ली तक खाती है!"

हशा ओसरल्यावर किसनजी म्हणाले, "साहेब, तुमीच तिकडं तोंड करा. नावं तुमी घ्या. मंग माह्या मनात काही असलं तरी मी काय करीन?"

हे नाझरसाहेबांना पटले. अधिकार मिळाला की त्यांना बहुतेक गोष्टी पटत. ते लिंबाच्या बुंध्याकडे तोंड करून, हात मागे बांधून ताठ उभे राहिले. किसनजींनी हिस्से टाकले. तसेच, नेहमीसारखे, एकेका पानावर एकेक जात. कलेजीचा एकेक तुकडाही प्रत्येक पानावर. मग बोट ठेवून विचारू लागले.

"हा कोनाचा?"

"मास्तरांचा."

"हा कोनाचा?"

नाझरसाहेबांनी थोडे थांबून, खाकरून सांगितले, "माझा."

असे करत करत किसनजी एका पानापाशी आले. "हा कोनाचा?"

"भोयरबाईंचा."

बोट तिथेच राहिले. किसनजी त्या पानाकडे पाहत होते, आणि मला वाटते आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जाणून घ्यायचे होते की यात चांगले काय आहे. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिले. वहिनींची नजर कलेजीच्या तुकड्यावर गेली, तिथे थोडी रेंगाळली आणि परत आली.

किसनजींनी ते पाहिले. मग त्यांचा तो काटकुळा हात शांतपणे बाजूला गेला, त्याने नाझरसाहेबांच्या पानावरची कलेजी उचलली आणि बायकोच्या पानावर ठेवली. लपवले नाही, घाई केली नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने ते पाहिले. नाझरसाहेब लिंबाकडे पाहत पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. रहेमानभाईंनी सुरी घेतली आणि विनाकारण जोरजोरात धार लावायला सुरुवात केली.

"हा कोनाचा?" किसनजी म्हणाले, आणि काम पुढे गेले.

सगळी नावे संपल्यावर नाझरसाहेब वळले, आपल्या पानापाशी आले, वाकले, चष्मा सावरला. "माझ्यात कलेजी दिसत नाही."

रहेमानभाई सुरीची धार अंगठ्याने पाहू लागले.

"बकरं लहान होतं," किसनजी म्हणाले. "सगळ्याइले पुरली नाही."

मालाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले असत्य, आणि ते त्यांना चांगले जमले. पळसाच्या पानांची एकच सळसळ झाली. ज्याने त्याने आपले पान घाईघाईने दुमडून घेतले होते.

"कोणाला आली?" नाझरसाहेबांनी विचारले. पण तोवर मंडळी पांगू लागली होती, आणि करीच्या दिवशी पांगणाऱ्या माणसाला मागून मारलेली हाक ऐकू येत नाही.

त्याच दिवाळीनंतर मी दुसरीकडे नोकरी धरली आणि पांढरकवडा सुटला. निघताना किसनजींना भेटलो असेन, बोललो असेन, ते काही आठवत नाही. डोळ्यांपुढे राहिले आहेत ते करीच्या त्या दुपारी घरी जाताना दिसलेले दोघे. हमरस्त्याच्या कडेने वहिनी पुढे आणि दोन पावले मागे किसनजी. दोन्ही हातांत पुडी, अंगापासून लांब धरलेली, दुसऱ्याचे तान्हे मूल धरावे तशी. मागून ट्रक आला तसे दोघे खाली धुळीत उतरले. वहिनींनी मागे वळून ती पुडी त्यांच्या हातातून काढून घेतली, जरा उघडून पाहिली, पुन्हा बांधली, आणि परत न देता झपझप चालू लागल्या.

किसनजी मागे राहिले. इकडे तिकडे पाहून त्यांनी उजव्या हाताची बोटे हळूच नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. मग धोतराला पुसली आणि बायकोला गाठायला निघाले.